चौथा दोर

“मला ‘होय’ म्हणता येणार नाही,” मी म्हणाले.

आमच्या चर्चच्या पाळकबाई ओसरीसमोर स्कूटीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. प्लग काढून फडक्यानं पुसणं चाललं होतं आणि हात कोपरापर्यंत काळे झाले होते. वर न बघताच त्या म्हणाल्या, “मोठ्यानं बोल गं शुली. तुझं बोलणं तुझ्या नाकालासुद्धा ऐकू जात नाही, तर झाडावरच्या त्या कावळ्यांना कसं जाणार?”

“दृढीकरणाच्या दिवशी,” मी घसा खाकरून म्हणाले. “तुम्ही सगळ्यांसमोर विचारणार ना, येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवतेस का, म्हणून. त्याला ‘होय’ नाही म्हणता येणार.”

फडकं थांबलं.

मी तेव्हा नववीत होते. आमच्या करंजखेडच्या मंडळीत पोरांचा बाप्तिस्मा अंगड्याटोपड्यात असतानाच होऊन जातो. तेव्हा आपल्या वतीनं आईबाप बोलतात आणि आपण नुसते रडतो. मग चौदा-पंधरा वर्षांचे झालो की दृढीकरण. त्या दिवशी वेदीपुढं उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं, होय, माझा विश्वास आहे. की झालो पक्के सभासद. आमच्या वर्गातली सगळी पोरं तयार होती. सगळ्यांत तयार होती ती माझी मम्मी. ती रविवारी मुलांच्या शब्बाथशाळेत शिकवायची, अर्ध्या गावाला दहा आज्ञा तिनंच पाठ करून घेतलेल्या. माझा पांढरा ड्रेस शिवून कपाटात टांगलेला होता, जालन्याच्या मावशीला आमंत्रण गेलं होतं आणि रव्याच्या लाडवांचा डबा माझा हात पोचणार नाही अशा फळीवर चढला होता.

“का नाही म्हणता येणार?” पाळकबाईंनी विचारलं.

“मला काही वाटतच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे शिबिरात प्रार्थनेला सगळे रडले. तबिथासुद्धा रडली. कबड्डीत कोपर मोडलं तेव्हा रडली नव्हती ती! मीही डोळे घट्ट मिटले, पण मला नुसते लाल-हिरवे ठिपके दिसले.”

“आणि?”

“आणि भूक लागली.”

पाळकबाईंनी ओठ दाबले. हसू दाबत होत्या की काय, कळलं नाही. रत्नमाला केदारी त्यांचं नाव. आमच्याकडं आलेल्या पहिल्याच बाई-पाळक. आल्या तेव्हा म्हातारी माणसं कुजबुजली होती. मग त्यांनी पहिल्याच आठवड्यात चर्चची बंद पडलेली मोटर स्वतः खोलून चालू केली आणि कुजबुज विहिरीत गेली.

“मम्मीला सांगितलंस?”

“नाही. तुम्ही विचारणार, म्हणून तुम्हाला आधी. ऐन वेळी मी गप्प उभी राहिले तर मम्मी तिथंच खाली बसेल. आणि खोटं ‘होय’ म्हटलं तर...” मी वर आभाळाकडं बोट केलं. “तिथं कळणारच ना.”

“कळणार,” पाळकबाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या म्हणतील, नाही गं, चालतं. त्या तसलं काही म्हणाल्या नाहीत. प्लग उन्हात धरून त्यांनी एक डोळा बारीक केला.

“त्या शब्दाचा अर्थ तरी सांगा,” मी म्हणाले. “तो ग्रीक.”

दृढीकरणाच्या वर्गात त्यांनी फळ्यावर एकदा लिहिलं होतं, पिस्तिस. म्हणाल्या होत्या, नव्या करारात आपण जिथं जिथं ‘विश्वास’ वाचतो तिथं मुळात हा शब्द आहे. त्यावर जेरह म्हणाला होता, “बाई, बदाम कुठंय?” तेव्हापासून आम्ही एकमेकांना ‘काय पिस्ता’ म्हणून हाका मारायचो. अर्थ मात्र त्यांनी सांगितलाच नव्हता.

“सांगितला तर तू तो पाठ करशील,” त्या म्हणाल्या. “तुझं पाठांतर फार चांगलं आहे, तीच पंचाईत आहे. परवाच्या नाटकात तू काय करतेस?”

“पडदा ओढते.”

“पडदा मी ओढीन. तू बाजेवर झोप.”

“मी? पण ते तर जेरहचं काम आहे!”

“जेरह नाताळापासून फुगत चाललाय, तो वर दोर धरील. काल तालमीत त्याला खाली सोडता सोडता तबिथाच वरून खाली येत होती.”

“पण मला अभिनय येत नाही, बाई.”

“पक्षघाती माणूस आहे तो. न हलता पडून राहायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तुझ्याइतकं ते कोणाला जमणार?” त्यांनी प्लग आत बसवला, किक मारली, स्कूटी ढुरढुरली. त्या आवाजावरून ओरडून म्हणाल्या, “नाटक झालं की ये माझ्याकडं. तेव्हाही ‘नाही’ म्हणालीस, तर नाही. तुझ्या आईशी मी बोलेन. शब्द देते.”

* * *

नाटक होतं हंगामाच्या सणाचं. जानेवारीत, बाजरी-तूर घरात आली की आमच्याकडं हा सण होतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो देवापुढं आणून ठेवतो, नंतर त्याचा लिलाव होतो आणि लिलावाआधी तरुण संघाचं नाटक. त्या वर्षीचं नाटक होतं चार मित्रांचं. कफर्णहूमात एका घरात प्रभू शिकवत असतात, दारात मुंगी शिरायला जागा नाही. चौघं जण आपल्या लुळ्या मित्राला बाजेसकट उचलून आणतात, आत जाता येत नाही म्हणून सरळ छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि दोरांनी बाज खाली सोडतात. प्रभूच्या पुढ्यात.

आमचं चर्च दगडी आहे. मागच्या बाजूला लाकडी माडी, माडीच्या वर घंटेचा मनोरा. ती माडी म्हणजे छप्पर. बाज माडीच्या कठड्यावरून खाली सुटणार. तालमीला मी वर गेले तेव्हा ओबेद बाजेच्या पायांना गाठी मारून बघत होता.

“वजन किती तुझं?” त्यानं विचारलं.

“चौतीस.”

“खरं सांग.”

“पप्पांनी कारखान्याच्या काट्यावर केलंय. उसाच्या ट्रॉलीसकट.”

“ट्रॉली वजा केली का?” हे पेरेस. पेरेस आणि जेरह जुळे, फुगलेही बरोबरीनंच. कोण कोणता हे त्यांच्या आईला आवाज ऐकून कळतं आणि आम्हाला तोही कळत नाही.

ओबेद आमच्या चर्चच्या रखवालदाराचा मुलगा, बारावीतला. घंटा तोच वाजवायचा. उपासनेची घंटा भराभर, उड्या मारत आल्यासारखी. आणि मयताची सावकाश. एक टोला, मग मधे इतकी जागा की माणसानं हातातलं काम खाली ठेवावं. मग दुसरा. तो आवाज आला की सगळं करंजखेड थांबतं. मंदिराच्या पारावरची माणसंसुद्धा उठून विचारतात, तुमच्यात कोण गेलं? त्या वर्षी तर दिवाळीपासून जो तो कान देऊन होता, कारण पारखे गुरुजींनी अंथरूण धरलं होतं. चर्चच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. गुरुजींनी माझ्या पप्पांना शिकवलेलं, पप्पांच्या मोठ्या भावाला छडी मारलेली. वय नव्वदीच्या घरात. डॉक्टरांनी हात टेकले होते.

“सोडणार नाहीस ना रे?” मी ओबेदला विचारलं.

“काय?”

“दोर.”

“काय बोलली ही?” त्यानं तबिथाला विचारलं.

“दोर सोडू नको म्हणतेय,” तबिथा म्हणाली. माझं बोलणं लोकांना सांगायचं काम तीच करायची, पहिलीपासून. “शुले, तू घाबरू नको. तू पडलीस तर मी वरून तुझ्यावर पडते, म्हणजे तुला एकटं नाही वाटणार.”

* * *

सणाच्या दिवशी चर्च बाजारासारखं दिसत होतं. माडीच्या बरोबर खाली भोपळ्यांची रास, कणसांच्या पेंढ्या, बोरांच्या पाट्या, पाय बांधलेले तीन कोंबडे आणि साळवे मामांचा बोकड. उपासना झाली आणि पाळकबाईंनी सांगितलं, नाटक मागं आहे, सगळ्यांनी वळून बसा.

“वेदीकडं पाठ?” एल्डर भिंगारदिवे म्हणाले. आमच्या मंडळीचे ते सगळ्यांत मोठे वडील. नाटकात प्रभूचं काम कोणी करायचं नाही, नुसती रिकामी खुर्ची ठेवायची आणि पडद्याआडून आवाज द्यायचा, हा नियम त्यांचाच. आवाजही त्यांचाच.

“प्रभू आज मागं बसलाय, काका,” पाळकबाईंनी खुर्चीकडं बोट दाखवलं. मंडळी हसत हसत सतरंजीवर वळली. मम्मी शेवटच्या ओळीत बसली होती, ती आता पहिल्या ओळीत आली.

वर माडीवर वेगळाच गोंधळ. तीन दोर होते, चौथा नव्हता.

“साळवे मामांनी बोकडाला बांधला,” जेरह (किंवा पेरेस) खाली वाकून बघत म्हणाला.

“सोडून आणू?”

“बोकड सुटला तर अर्पण पळून जाईल. आणि वाटेत भोपळे खाईल.”

ओबेदनं इकडंतिकडं बघितलं. माडीच्या मधून घंटेचा दोर खाली गेला होता. त्यानं तो सगळा वर ओढून घेतला, वेटोळं केलं. “हा आहे की! घंटा आता लागणार थोडीच आहे? लिलाव होईपर्यंत देवसुद्धा कोणाला बोलावणार नाही.”

“वरून सोडवायला नको का?” तबिथानं विचारलं.

“वरची कडी गंजलीय, सुटणार नाही तो. राहू दे तिकडं, भरपूर लांब आहे,” असं म्हणून त्यानं हात पसरून मापही घेतलं. दोर जमिनीपर्यंत पोचतो हे तो रोज बघत होता. आज तो बाजेच्या पायाला दोन वेढे घेणार, कठड्यावरून वळसा घालून जाणार, हे मात्र त्याच्या हिशेबात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर तोवर गोधडीत होते. हातपाय हलायला नकोत म्हणून तबिथानं मला गळ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळून वरून लुगड्याची पट्टी आवळली होती. नाक खाजवायचं झालं तरी परवानगी काढायला लागली असती.

“तयार, पिस्ता?” ओबेद म्हणाला.

बाज उचलली आणि ती कठड्यापलीकडं गेली.

आधी छान चाललं होतं. चौघं तालात “हळू, हळू” म्हणत होते. मला छताची तुळई दिसत होती, तिच्यावर चिमणीचं घरटं. खाली कोणी तरी म्हणालं, “अय्या, लोंढ्यांची शुलमिथ!” मम्मीचा “माझी बाई!” ऐकू आला.

आणि मग माझ्या डोक्याशी उजवीकडं एकदम हिसका बसला. तो कोपरा थांबला. बाकीचे तीन अजून सुटतच होते. बाज तिरकी झाली आणि मी पायांकडं घसरायला लागले.

टण्.

वर घंटा झुलली होती. झुलून परत जाताना तिनं दोर वर ओढला, माझा कोपरा वर गेला, मी आणखी घसरले. मग कोपरा खाली आला.

टण्.

मधे तेवढीच जागा. अगदी तेवढीच.

“अरे, मयताची घंटा!” खालून कोणी तरी म्हणालं. “कोण गेलं?”

वरच्या चौघांना कठड्यामुळं बाज दिसत नव्हती. मला दिसत होतं. कठड्यापासून मनोऱ्यापर्यंत तो दोर तारेसारखा ताणलेला, ढिला इंचभर उरला नव्हता. हात गोधडीत बांधलेले. धरायला काही नाही. खाली भोपळे. मी पडणार हे मला ठाऊक होतं. वाटत नव्हतं, ठाऊकच होतं.

“ओबेद!”

तो आवाज कोणाचा, हे मला आधी कळलंच नाही. चर्चच्या चारी भिंतींना लागून तो परत आला. कोंबडे फडफडले.

“ओबेऽद! दोर संपलाय! घंटा ओढतेय! बाकीच्यांनी थांबा, सोडू नका! तबिथा, तू वर घे, तू वर घे!”

“घेतेय!” तबिथाचा आवाज. “पोरांनो, पाय लावा कठड्याला!”

बाज थोडी सरळ झाली. टण्. वरून ओबेदचं डोकं कठड्यावर आलं. तोंड लालबुंद. त्यानं कठड्याबाहेर वाकून, ताणलेला दोर खालून दोन्ही मुठींत पकडला, घंटा आणि बाज यांच्या मधोमध. आता घंटा वर ओढायची, मी खाली, आणि मधे ओबेदच्या मुठी. दोर त्यांतून सरकत होता, चरचर ऐकू येत होतं. त्यानं डोळे मिटले, दात आवळले. दोर सरकायचा थांबला.

घंटा थांबली.

“खालच्यांनो, या की!” तबिथा ओरडली. “नाटक नाहीये हे!”

मग सगळे उठले. भोपळे घरंगळले, पाट्या लवंडल्या, त्यातून वाट काढत माणसं बाजेखाली आली. साळवे मामा, मम्मी, दोन आत्या, कोण कोण. हात वर झाले, खांदे लागले आणि मी अल्लाद त्या खांद्यांवर टेकले.

नेमका तेव्हाच दरवाजा उघडला. बाहेर अर्धं गाव जमलेलं, पायताणं हातात घेऊन पळत आलेलं. आणि त्या गर्दीच्या पुढं, काठी टेकत, अंगावर शाल, पारखे गुरुजी! दिवाळीपासून पहिल्यांदा उभे. मागून त्यांची सून, “अहो मामंजी, अहो मामंजी” करत.

“कोण गेलं?” गुरुजींनी विचारलं.

कोणी उत्तर देईना. देणार कसं? घंटा ऐकून जो तो मनात ज्यांचं नाव घेऊन मोकळा झाला होता, तेच समोर उभे.

“अरे, कोण गेलं म्हणतो मी!” गुरुजी काठी आपटत पुढं आले. खांद्यांवर बाज, बाजेवर गुंडाळलेलं माणूस. त्यांनी चष्मा वर केला. “ही तर लोंढ्यांची नात! काय झालं पोरीला?”

“काही नाही, गुरुजी,” मी म्हणाले. “पक्षघात.”

आणि पडद्याआड आमचे एल्डर भिंगारदिवे. त्यांना गोंधळात काही दिसत नव्हतं, आपलं वाक्य कधी ते कळत नव्हतं. शांतता झालेली बघून त्यांना वाटलं, हीच वेळ. गडगडाटी आवाजात ते म्हणाले, “ऊठ! आपली बाज उचल आणि आपल्या घरी जा!”

गुरुजी दचकले. “जा काय? आत्ताच तर आलो!”

मग जे हसू फुटलं ते काही आवरेना. मम्मी एका हातानं बाज धरून हसत होती आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. गुरुजींना रिकाम्या खुर्चीवर बसवलं. भिंगारदिवे बाहेर आले, आपल्या नियमाची खुर्ची भरलेली बघितली, गुरुजींकडं बघितलं आणि एक बोरांची पाटी उचलून गुरुजींच्या मांडीवर ठेवली.

* * *

लिलाव झाल्यावर मी पाळकबाईंच्या ओसरीवर गेले. ओबेद पायरीवर बसला होता, हात पुढं करून. दोन्ही तळहात सोललेले. पाळकबाई मलम लावून पट्टी गुंडाळत होत्या.

“दुखतंय?” मी विचारलं.

“नाही, गुदगुल्या होतायत.”

“मग सोडायचा ना दोर.”

“हो, आणि भोपळे कोणी भरून दिले असते? चौतीस किलो म्हणाली होतीस. काटा तपासायला सांग पप्पांना.”

“ओबेद, नीट सांग.”

तो पट्टीकडं बघत राहिला. “नीट काय सांगायचं? भाजत होतं. सोडावा असं दर क्षणाला वाटत होतं. सोडला नाही, एवढंच. तू होतीस ना तिथं.” आणि लगेच, “चहा मिळंल का बाई? पाजायला लागेल पण.”

पाळकबाई आत जाऊन कप घेऊन आल्या आणि त्याला खरोखरच लहान बाळासारखा चहा पाजू लागल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “तुला काय वाटत होतं वर? लटकलीस तेव्हा?”

“पडणार असं.”

“पडणार नाही, हे चौघं धरतील, असं नाही वाटलं?”

मला खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही. “नाही. एकदाही नाही.”

“तरी पडली नाहीस.”

“यांनी सोडलं नाही म्हणून.”

“मग आता तो शब्द ऐक,” पाळकबाई म्हणाल्या. “पिस्तिस. आपण विश्वास म्हणतो आणि लगेच छातीत हात घालून चाचपतो, काही हलतंय का, काही वाटतंय का. त्या लोकांचा शब्द एवढा नाजूक नव्हता. त्यात भरवसा आहे, तसंच इमानही आहे. दिलेल्या शब्दाला जागणं आहे. हात भाजत असताना दोर न सोडणं, हे पण त्यातच येतं. आणि ज्याच्या हातून काहीच होण्यासारखं नाही, त्यानं बाजेवर पडून राहणं, तेही.”

ओबेद चहा प्यायचा थांबला. “म्हणजे मला आहे?”

“तुझ्या तळहातांवर आहे. चहा पी.” मग माझ्याकडं वळून, “ती गोष्ट आठव. बाज खाली आली. प्रभूनं कोणाचा विश्वास बघितला, असं लिहिलंय?”

पाठांतर माझं चांगलंच. ती ओळ मला शब्बाथशाळेपासून येत होती. इतक्या वेळा म्हटलेली, की ती काय म्हणते हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

“त्यांचा,” मी म्हणाले. “त्याचा नाही. त्यांचा. वरच्यांचा.”

“बाजेवरच्याला काही विचारलं?”

“नाही.”

“तुला काय वाटतंय, हे कोणी विचारलं नाही त्याला. विचारलं असतं तर म्हणाला असता, डोळ्यांत छपराची माती गेलीय. कदाचित म्हणाला असता, भूक लागलीय.” त्यांनी कप खाली ठेवला. “आधी त्याला दुसऱ्यांनी धरलं. तो उठला तो नंतर. आता बोल. पुढच्या रविवारी काय करायचं? मी शब्द दिलाय. आत्ता जाऊन सांगते तुझ्या आईला.”

मला एकदम इतकं हलकं वाटलं! छातीवर कोणी भोपळा ठेवला होता आणि तो कोणी तरी उचलून लिलावात काढला, तसं. रडूबिडू नाही आलं. ठिपकेही दिसले नाहीत.

“नको,” मी म्हणाले. “मी उभी राहते.”

“आणि मी विचारलं की आत बघत बसू नकोस,” पाळकबाई म्हणाल्या. “वर बघ.”

* * *

पुढच्या रविवारी मी पांढऱ्या ड्रेसमध्ये वेदीपुढं उभी होते. मम्मी पहिल्या ओळीत, हातात रुमाल तयार. पाळकबाई झग्यात वेगळ्याच दिसत होत्या, फक्त नखांत थोडं ग्रीस होतं. एकेकाला विचारत त्या माझ्यापाशी आल्या.

“शुलमिथ रमेश लोंढे, तू येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवतेस का?”

सवयीनं मी आत बघितलं. तिथं पूर्वीसारखंच. काही नाही, आणि सकाळपासून उपाशी असल्यामुळं गुरगुर. मग मी मान वळवली आणि माडीकडं बघितलं. कठड्यावर चौघंही होते. जुळे बोरं खात होते. तबिथा माझ्याकडं अशी बघत होती की आत्ता बोलली नाहीस तर खाली येऊन बघते. आणि ओबेदनं पट्ट्या बांधलेले दोन्ही हात कठड्यावर ठेवले होते, दोन फुलकोबीचे गड्डे ठेवावेत तसे.

“होय!” मी म्हणाले. “देवाच्या साहाय्यानं, होय!”

पहिल्या ओळीतल्या एका बाळानं भोकाड पसरलं. पाळकबाई माझ्या डोक्यावर हात ठेवायला वाकल्या आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, “कावळ्यांना गेलं.”

उपासना सुटली. सुटण्याची घंटा आमच्याकडं उपासनेआधीच्या घंटेसारखीच भराभर वाजवतात. ओबेद माडीवरून ओरडला, “शुले! माझे हात सुट्टीवर आहेत. ये वर!”

मी पांढऱ्या ड्रेसमध्येच धावत जिना चढले. दोर हातात घेतला. मधे एका जागी तो काळपट डागाळला होता, आणि तो डाग कशाचा ते मला ठाऊक होतं. त्याच जागी धरून ओढला. घंटा जड असते हो! पहिल्या टोल्याला तिनं मलाच टाचांवरून उचललं. पण मग मी ताल पकडला आणि वाजवली. भराभर, भराभर, कुठं म्हणून जागा सोडली नाही मधे. रस्त्यावर एकाही माणसानं हातातलं काम खाली ठेवता कामा नये, एवढी भराभर.

भिंतीपलीकडं पारखे गुरुजी अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी अजून घंटेला आपल्यासाठी वाजू दिलेलं नाही, आणि आता तर मी बारावीला आले. त्या दिवशी त्यांच्या सुनेनं विचारलं म्हणे, “मामंजी, कसली घंटा हो ही?”

गुरुजींनी कान देऊन थोडा वेळ ऐकली.

“माझी नाही,” ते म्हणाले. “लोंढ्यांची पोर उठलेली दिसतेय.”